खणातलं शेकरू : संग्रहालयातल्या पक्षी-प्राण्यांवरून उत्क्रांती कशी अभ्यासायची

संग्रहालय म्हटलं की काचेमागे जबडा वासून उभा असलेला वाघ आठवतो. उत्क्रांतीच्या अभ्यासाला त्या वाघाचा फारसा उपयोग नाही. आत लाकूड आणि तार, डोळे काचेचे, आणि तो नेमका कुठे मारला हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं. कामाचा माल असतो तो मागच्या खोल्यांत, डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या लोखंडी कपाटांत. तिथल्या सपाट खणांत पक्षी ओळीने उताणे निजवलेले असतात. पोटात कापूस, पंख अंगाशी मिटलेले, पाय एकावर एक बांधलेले आणि पायाला दोऱ्याने लेबल. याला म्हणतात स्टडी स्किन. लहान सस्तन प्राण्यांची कातडी अशीच कापूस भरून, पण पालथी ठेवतात. कवटी साफ करून वेगळ्या डबीत किंवा काचेच्या नळीत जाते आणि दोन्हींवर एकच क्रमांक असतो.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना, आणि चिकाटी असलेल्या हौशी निसर्ग अभ्यासकांनाही, या खणांतून खरोखर नवं काही काढता येतं. ते कसं, हे पुढे क्रमाने सांगतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी, कारण पुढची सगळी खटपट तिच्यापायी आहे. दोन खणांतल्या प्राण्यांत फरक दिसला म्हणून उत्क्रांती दिसली असं होत नाही. फरक वयाचा असेल, नर-मादीचा असेल, कातडी वाळून आकसल्याचा असेल, मोजणाऱ्याच्या हाताचा असेल, शंभर वर्षांच्या धुळीचाही असेल. ही कारणं एकेक करून बाद केल्यावर जे शिल्लक राहतं, त्याबद्दलच उत्क्रांतीच्या भाषेत बोलता येतं.

उदाहरण म्हणून शेकरू घेऊ.

आधी प्रश्न, मग कपाट

शेकरू आपला राज्यप्राणी, पण त्याचा रंग जागोजागी बदलतो. भीमाशंकरचं शेकरू पाठीवर तांबूस-विटकरी आणि शेपटीच्या टोकाला पांढरट. केरळाकडच्या शेकरूंचे खांदे, ढुंगणाकडचा भाग आणि शेपूट काळीभोर. उत्तरेला डांगमधलं एक फिकं शेकरू निसर्गशास्त्रज्ञ ब्लॅनफोर्डने १८९७ साली वेगळं म्हणून नोंदवलं. तिथे ते कित्येक दशकांत कुणाला दिसलेलं नाही, म्हणजे त्याचा अभ्यास करायचा तर तो फक्त खणातच होऊ शकतो. भीमाशंकरच्या शेकरूला सायक्सने १८३१ साली मुंबईच्या गव्हर्नर एल्फिन्स्टनचं नाव दिलं. पुढे १९५२ साली हुमायून अब्दुलाली आणि जे. सी. डॅनियल यांनी या सगळ्या उपजातींची नमुन्यांवरून छाननी केली. तेव्हा जमीन नांगरलेली आहे, पीक घ्यायचं आहे.

‘मला शेकरूच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायचा आहे’ हा प्रश्न नाही, ही इच्छा आहे. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकेल. उदाहरणार्थ, ग्लोगरने १८३३ साली मांडलेला ठोकताळा असा की दमट प्रदेशातले प्राणी कोरड्या प्रदेशातल्या त्यांच्या भाईबंदांपेक्षा गडद असतात. मग शेकरूच्या पाठीचा काळेपणा त्या त्या ठिकाणच्या पावसाबरोबर वाढतो का? किंवा बर्गमानचा १८४७ चा ठोकताळा घ्या, की थंड प्रदेशात अंग मोठं. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना शेकरूची कवटी लहान होते का? असा प्रश्न हातात असला की काय मोजायचं, कुठले नमुने लागतील आणि कुठले सोडून द्यायचे हे आपोआप ठरतं. प्रश्न नसताना कपाट उघडलं, तर माणूस सगळंच मोजत बसतो आणि शेवटी पंचवीस रकान्यांची एक्सेल फाइल घेऊन मार्गदर्शकाच्या दारात उभा राहतो.

माल कुठे आहे

महाराष्ट्रातल्या माणसाने सुरुवात मुंबईपासून करावी. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसमधला संग्रह आपल्याला सर्वांत जवळचा आणि सर्वांत श्रीमंत. तिथल्या पक्ष्यांची सूची अब्दुलालींनी १९६८ पासून सोसायटीच्या जर्नलमध्ये हप्त्याहप्त्याने छापली. ती आधी चाळावी, म्हणजे कुठल्या जातीचे किती नमुने आहेत आणि कुठले, याचा अंदाज घरबसल्या येतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण, म्हणजे झेडएसआय, याचं मुख्यालय कोलकात्यात आहे आणि पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला.

यानंतरचा मोठा भाग आहे इंग्लंडात. सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं. त्याचा पहिला अहवाल १९१२ साली निघाला तो आपल्या पूर्व खानदेशाचा, आणि गोळा करणारा होता सी. ए. क्रम्प. पुढे कॅनरा, कुर्ग असं करत दहा-बारा वर्षं हे काम चाललं. त्यातला बराच माल लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला, काही मुंबईत राहिला. पक्ष्यांचं लंडनचं भांडार शहराबाहेर ट्रिंगला आहे. ज्या ॲलन ह्यूमने १८८५ साली मुंबईत काँग्रेस भरवली, त्याच ह्यूमचा ८२,००० च्या आसपास कातडी आणि अंड्यांचा संग्रह त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमला गेला. शाळेच्या पुस्तकात त्याची पहिलीच ओळख येते. पक्ष्यांच्या अभ्यासकाला दुसरी जास्त उपयोगाची.

जगभरच्या संग्रहालयांच्या नोंदी जीबीआयएफ या संकेतस्थळावर एकत्र शोधता येतात. तिथे जातीचं शास्त्रीय नाव टाकून नोंदीचा प्रकार ‘प्रिझर्व्हड स्पेसिमेन’ असा निवडा. नाहीतर मोबाइलवरून टाकलेली हजारो निरीक्षणं अंगावर येतील. जुनी नावंही शोधायला विसरू नका. तिथे नोंद नाही म्हणून नमुना नाही असं समजू नये. कित्येक संग्रहांचं संगणकीकरण अर्धवट आहे आणि क्युरेटरला, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्याला, लिहिलेलं एक नीट पत्र दहा सर्चपेक्षा जास्त काम करतं.

परवानगीचं पत्र

पत्र एका पानाचं असावं. प्रश्न दोन वाक्यांत, कुठल्या जाती, अंदाजे किती नमुने, काय मोजणार, कुठली उपकरणं आणणार, किती दिवस बसणार, मार्गदर्शक आणि संस्था कोण. नमुन्याला धक्का लागणार असेल, म्हणजे डीएनएसाठी तुकडा हवा असेल, तर तो विषय पहिल्या पत्रात घुसडू नये. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज असतो आणि तो समितीपुढे जातो. क्युरेटर हा माणूस संग्रह वाचवण्यासाठी पगार घेतो, तुमचा प्रबंध पूर्ण करण्यासाठी नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवून लिहिलेल्या पत्राला उत्तर लवकर येतं.

कायद्याचंही इथेच सांगतो. रस्त्यावर मेलेलं खारूताईचं पिल्लू किंवा खिडकीवर आपटून पडलेला पक्षी ‘अभ्यासाला’ म्हणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मेलेल्या प्राण्याला, त्याच्या पिसालाही लागू होतो. वनखात्याला किंवा परवाना असलेल्या संस्थेला कळवा. नमुन्याचा तुकडा परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ मध्ये येतो, आणि शेकरूसारख्या प्राण्याच्या बाबतीत साइट्सचे, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचे, कागदही. ही कागदपत्रं महिनोन् महिने घेतात, म्हणून शक्य ते विश्लेषण देशातच करण्याकडे कल ठेवावा.

पिशवीत काय न्यावं

०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचणारा डिजिटल कॅलिपर, पंख मोजायची टोकाला अडणी असलेली पट्टी, भिंग, पेन्सिल, फोटोतला रंग ताडून बघायला रंगपट्टी आणि करडं कार्ड, कॅमेरा, लॅपटॉप. शाईचं पेन कपाटाच्या खोलीत नेऊ नका, बहुतेक ठिकाणी नेऊ देतही नाहीत. नायट्राइल हातमोजे मात्र हवेतच. जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकयुक्त साबण चोळलेला असतो. अठराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही पद्धत चालू होती, आणि काही ठिकाणी पाऱ्याचे क्षारही वापरले गेले. शिवणीतून किंवा पायांच्या मुळाशी पांढरट भुकटी दिसली की सावध व्हा. कामाच्या टेबलावर चहा-बिस्किट नको, डोळे चोळणं नको, जेवणाआधी हात साबणाने. इथे बेफिकिरी दाखवणारे जुने लोक भेटतील. त्यांचं अनुकरण करू नका.

नमुना उचलायचा तो दोन्ही हातांनी, पाठीखाली तळवा देऊन. लेबलाला, पायाला, चोचीला किंवा शेपटीला धरून कधीही नाही. शंभर वर्षं वाळलेला पाय काडीसारखा मोडतो. एका वेळी एकच खण बाहेर, आणि नमुना ज्या जागेवरून काढला त्याच जागी परत.

लेबल वाचणं हेच अर्धं काम

नवखा माणूस आधी प्राणी बघतो आणि मुरलेला आधी लेबल बघतो. लेबल नसलेलं कातडं म्हणजे नुसती पिसं. डार्विनलाही हा फटका बसला होता. गालापागोसचे फिंच त्याने कुठल्या बेटावरून कुठला, असे वेगळे नोंदवलेच नव्हते. १८३७ च्या जानेवारीत जॉन गूल्डने ते एकमेकांच्या जवळच्या पण वेगवेगळ्या जाती आहेत असं सांगितल्यावर बेटांची नावं महत्त्वाची ठरली. मग कॅप्टन फिट्झरॉय आणि जहाजावरच्या इतरांनी जमवलेल्या, बेटानिशी लेबल लावलेल्या पक्ष्यांचा आधार घ्यावा लागला.

सर्वेक्षणातल्या सस्तन प्राण्याच्या लेबलावर साधारण इतकं असतं: गोळा करणाऱ्याचा स्वतःचा क्रमांक, संग्रहालयाचा क्रमांक, नर-मादीची खूण, ठिकाण, त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, नाव आणि चार मापं. डोकं-धड, शेपूट, मागचा पाय आणि कान. ही चार मापं ताज्या प्राण्यावर घेतलेली असतात, म्हणून ती सोन्यासारखी. वाळलेल्या कातडीवरून डोकं-धड पुन्हा मोजायच्या भानगडीत पडू नका. कातडी ताणून भरली की सैल, हे भरणाऱ्यावर अवलंबून असतं.

तारखेत महिना बऱ्याचदा रोमन आकड्यांत असतो आणि ते बरंच असतं. दोन्ही आकडे साधे असतील आणि गोळा करणारा अमेरिकन असेल तर महिना आधी लिहिला आहे का, हे त्याच्या इतर लेबलांवरून पडताळा. उंची फुटांत असते. मूळ लेबल आणि नंतर संग्रहालयाने लावलेलं छापील लेबल यांत तफावत आढळली तर मूळ खरं माना, पण दोन्ही उतरवून घ्या. लेबलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने ‘अंडकोष मोठे’ किंवा ‘पोटात किडे’ असं खरडलेलं असतं, आणि प्राणी प्रजननक्षम होता की नाही हे त्यावरून कळतं. लाल लेबल किंवा लाल खूण दिसली तर तो बहुधा टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून त्या जातीला किंवा उपजातीला नाव दिलं तो. त्याला क्युरेटरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

ठिकाणाचं नाव ही स्वतंत्र डोकेदुखी. ‘खानदेश’ एवढंच लिहिलं असेल तर १९०६ पूर्वीचा अखंड जिल्हा, म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार यांतलं कुठलंही. ‘नॉर्थ कॅनरा’ तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आज कर्नाटकात आहे. अशा नावाला नकाशावर एक टिंब देऊन मोकळं व्हायचं नसतं. टिंबाबरोबर चुकीची त्रिज्याही, म्हणजे खरं ठिकाण टिंबापासून किती दूर असू शकतं तेही, लिहायची: पाच किलोमीटर, चाळीस किलोमीटर, जी असेल ती. सह्याद्रीत हे किती महागात पडतं बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि घाट उतरून पूर्वेला वाईला आलात तर त्याच्या पाव हिस्साही नाही. लेबलावर ‘सातारा’ लिहिलेल्या शेकरूला तुम्ही जिल्ह्याच्या मधोमध ठेवलंत, तर पाऊस आणि रंग यांचा संबंध तिथेच बिघडला. ज्यांची त्रिज्या तुमच्या प्रश्नाला परवडत नाही असे नमुने सरळ वगळा. वाईट वाटतं, पण वगळा.

आणि लेबल खोटं असू शकतं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. रानपिंगळ्याचं वर्णन ह्यूमने १८७३ साली केलं. त्यानंतर थोडे नमुने मिळाले, त्यांतले काही १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेले. मग थेट १९१४ चा एक नमुना, गुजरातेतल्या मांडवीचा, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेनच्या संग्रहातला. रानपिंगळा शोधायला निघालेले लोक या नोंदीवर विसंबून होते. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, क्ष-किरणांखाली धरला, तेव्हा उलगडा झाला: ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनचाच एक पक्षी चोरून, उसवून, पुन्हा भरून त्याला नवं लेबल लावलं होतं. भरण्याची हातोटी गोळा करणाऱ्यागणिक वेगळी असते, ती लपली नाही. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा समोर बसलेला सापडला. तेव्हा एकाच माणसाच्या संग्रहातले नमुने बाकीच्यांपेक्षा फटकून वागत असतील, तर तुमचं गृहीतक उचलून धरण्यापूर्वी त्या माणसाकडे बघा.

मोजमाप

पक्ष्याचा पंख दोन तऱ्हांनी मोजतात. एक, पंखाची नैसर्गिक कमान तशीच ठेवून, मिटलेल्या पंखाच्या मनगटाच्या सांध्यापासून सर्वांत लांब पिसाच्या टोकापर्यंत. दुसरी, कमान पट्टीवर दाबून सपाट करून आणि पीस सरळ ओढून. दोन्ही बरोबर आहेत, मिसळल्या की दोन्ही चूक. जुन्या पुस्तकांतली मापं वापरताना ती कुठल्या तऱ्हेची आहेत हे प्रस्तावनेत शोधा. चोचीचंही तसंच: कवटीपासून, पिसांच्या सुरुवातीपासून, की नाकपुडीपासून, हे आधी ठरवून लिहून ठेवा. पिसाचं टोक झिजलेलं असेल किंवा पक्षी पीस बदलत असेल, तर पंखाचा रकाना रिकामा सोडा.

कातडी वाळली की पंख जिवंत पक्ष्यापेक्षा साधारण एक-दोन टक्क्यांनी आखूड होतो. म्हणून आज जाळ्यात पकडून वळं घातलेल्या पक्ष्यांची मापं एका बाजूला आणि १९२० ची कातडी दुसऱ्या बाजूला ठेवून ‘पंख वाढले’ असं म्हणता येत नाही.

शेकरूसाठी कवटी जास्त भरवशाची, हाड फारसं आकसत नाही. तीन मापं पुरेत: कवटीची सर्वाधिक लांबी, गालाच्या कमानींमधली रुंदी आणि वरच्या दाढांच्या ओळीची लांबी. कॅलिपरचा जबडा हाडाला टेकला की थांबायचं, दाबायचं नाही. कमानी बारीक असतात, पूर्वी कुणीतरी मोडून चिकटवलेल्याही असतात. मापं घेण्याआधी वय ठरवा. दुधाची दाढ पडून पक्की आली आहे का, कवटीच्या तळाचे सांधे जुळले आहेत का, दाढांचे उंचवटे किती झिजले आहेत, एवढं पाहून तीन-चार वयोगट पाडता येतात. विश्लेषणात फक्त प्रौढ घ्या. डबीतल्या कवटीचा क्रमांक कातडीशी जुळतो का हेही पाहा, शंभर वर्षांत डब्यांची अदलाबदल झालेली असू शकते.

आता हाताची चूक. वीस-तीस नमुने दुसऱ्या दिवशी, पहिले आकडे झाकून, पुन्हा मोजा. दोन वेळच्या मापांतला फरक किती आणि प्राण्याप्राण्यांतला फरक किती, याचं गुणोत्तर काढा. प्राण्यांतल्या फरकाच्या मानाने हाताचा फरक मोठा निघाला तर माप टाकून द्या किंवा सराव वाढवा. आणि मोजण्याचा क्रम भौगोलिक ठेवू नका. सगळी उत्तरेची शेकरं सोमवारी आणि सगळी दक्षिणेची शुक्रवारी मोजलीत, तर आठवड्याभरात तुमचा हात जेवढा बदलला तेवढा ‘भौगोलिक फरक’ तुम्हाला मिळेल. चिठ्ठ्या टाका, खण उलटसुलट घ्या.

हे एवढं का ताणतोय ते शिकागोच्या उदाहरणावरून कळेल. तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड इमारतींवर आपटून मेलेले स्थलांतरी पक्षी गोळा करून स्वतः मोजत राहिले. १९७८ ते २०१६ या काळातले ५२ जातींचे ७०,७१६ पक्षी. २०२० साली त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं: पायाचं हाड सरासरी २.४ टक्क्यांनी आखूड झालं, पंख १.३ टक्क्यांनी लांब. शंभर मिलिमीटरच्या पंखात १.३ टक्के म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर, पंख दाबून मोजला की न दाबता, एवढ्याने तो फरक गिळला गेला असता. चाळीस वर्षं एकाच माणसाने, एकाच पद्धतीने पक्षी मोजले म्हणून तो दिसला.

रंग

माणसाच्या डोळ्यावर भिस्त ठेवू नका, पक्ष्यांच्या बाबतीत तर अजिबात नाही. त्यांना अतिनील किरण दिसतात, आपल्याला नाही. कुठल्या रंगाचा प्रकाश किती परततो हे मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळाला तर उत्तम. नसेल तर ठरलेला कोन, ठरलेला दिवा, रॉ स्वरूपातला, म्हणजे कॅमेऱ्याने न सुधारलेला, फोटो आणि प्रत्येक चौकटीत करडं कार्ड. मोबाइल स्वतःच्या अकलेने रंग सुधारतो, म्हणून तो फक्त लेबलासाठी. शेकरूच्या पाठीवर तीन ठरलेल्या जागा निवडा आणि तिन्हींची सरासरी घ्या.

रंगात काळाची भेसळ असते. जुना काळा केस आणि जुनं काळं पीस हळूहळू तांबूस पडतं, पिवळा-लाल रंग फिका होतो. शिवाय मळ. याच शिकागोत दोन अभ्यासकांनी १३५ वर्षांतल्या पाच जातींच्या तेराशेहून अधिक पक्ष्यांच्या पोटाकडची पिसं तपासली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे पक्षी काजळीने करडे झाले होते. कोळशाच्या धुराचा इतिहास त्यांनी त्यावरून २०१७ साली मांडला. त्यांना जे हवं होतं तेच तुमच्या कामात विष आहे. म्हणून गोळा केल्याचं साल विश्लेषणात घ्याच, आणि एका ठिकाणचे सगळे नमुने १८९० चे व दुसऱ्याचे सगळे १९५० चे असतील तर त्या दोन ठिकाणांची रंगतुलना करू नका.

डीएनए

जुन्या कातडीतून डीएनए काढता येतो हे १९८४ साली क्वागाने दाखवून दिलं. झेब्र्याची ही नामशेष झालेली उपजात. सुमारे १४० वर्षांच्या कातडीच्या तुकड्यातून २२९ अक्षरांचा क्रम मिळाला होता. आज पूर्ण जीनोम, म्हणजे प्राण्याचा सगळा डीएनए-क्रम, निघतो. पक्ष्याच्या पायाच्या तळव्याच्या गादीचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा पुरतो. सस्तन प्राण्याच्या कवटीला चिकटून राहिलेले वाळलेले मांसाचे कण चालतात, त्यामुळे कातडीला हात लावावा लागत नाही. हा डीएनए तुकड्या-तुकड्यांत असतो आणि तुकड्यांच्या टोकांना ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘टी’ वाचला जातो. ही खूण दिसली तर माल खरोखर जुना, नाही दिसली तर तुमच्याच बोटांचा किंवा शेजारच्या टेबलावरच्या ताज्या नमुन्याचा संशय घ्या. जिथे ताज्या डीएनएवर काम चालतं त्या खोलीत हे काम करायचं नाही.

याचं फळ काय मिळतं? कॅलिफोर्नियात बर्कलेच्या संग्रहालयाचे जोसेफ ग्रिनेल यांनी १९१० च्या दशकात योसेमिटीच्या डोंगरांत लहान सस्तन प्राणी गोळा केले आणि रोजच्या रोज तपशीलवार टिपणं ठेवली. आपल्या संग्रहाचं मोल कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं ते १९१० सालीच म्हणाले होते. शतकभराने त्याच वाटा पुन्हा तुडवल्या गेल्या. शेकरूच्याच कुळातली अल्पाइन चिपमंक डोंगरात वर सरकली होती. जुन्या कातड्यांतला आणि आजचा डीएनए शेजारी ठेवल्यावर तिच्यातलं जनुकीय वैविध्य घटल्याचं दिसलं, आणि २०१९ च्या अभ्यासात ॲलॉक्स१५ या जनुकावर नैसर्गिक निवडीची खूणही सापडली. तिच्याच डोंगरातल्या दुसऱ्या चिपमंकमध्ये ती नव्हती. शेजारच्या जातीशी अशी तुलना केली की दावा भक्कम होतो.

रानपिंगळ्याचा आणखी एक वाद असाच मिटला. त्याची स्वतंत्र प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानायची की साध्या पिंगळ्याच्या अथीनी या प्रजातीत टाकायचा, यावर शंभर वर्षं घोळ होता. भारतीय अभ्यासकांच्या २०१८ च्या डीएनए विश्लेषणात तो पिंगळ्यांच्याच शाखेत बसला.

आकड्यांवरून निष्कर्षाकडे

आर हे संख्याशास्त्राचं फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मॉडेलमध्ये पाऊस आणि तापमान घ्याल तसंच लिंग, साल आणि संग्रहालयही घ्या. एकाच गावची दहा शेकरं म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत, ती एकमेकांची भावकी असतात, म्हणून ठिकाण हा गट म्हणून टाका. दर ठिकाणी पंधरा-वीस प्रौढ मिळाले तर नशीब समजा. चार-पाचच असतील तर त्या ठिकाणाबद्दल बोलताना आवाज खाली ठेवा.

समजा इतकं करूनही पावसाबरोबर काळेपणा वाढताना दिसला. तरी तीन शक्यता उरतात. निवडीमुळे तो रंग टिकला असेल. जंगलं तुटल्यामुळे वेगळ्या पडलेल्या लहान गटांत तो योगायोगाने पसरला असेल. किंवा जनुकं तीच असून वाढीच्या काळातल्या हवामानाने-आहाराने रंग बदलला असेल. पहिल्या दोन शक्यता उत्क्रांतीच्या आहेत, तिसरी नाही. शिकागोच्या पक्ष्यांबाबतही, आकार उन्हाळ्यातल्या वाढत्या तापमानाबरोबर घटतो एवढं दिसलं, त्यात जनुकांचा वाटा किती हे केवळ पट्टीने सांगता येत नव्हतं. डीएनए नसेल तर ‘बदल’ हा शब्द वापरा. ‘अनुकूलन’ लिहिण्याचा मोह म्हणजे परीक्षकाच्या सापळ्यात आपणहून पाय टाकणं आहे.

जाताना काय मागे ठेवायचं

मूळ लेबलावर काहीही लिहू नका. ओळख चुकीची वाटली तर क्युरेटरला सांगून वेगळी चिठ्ठी जोडा: तुमचं मत, नाव, साल. लेबलांचे फोटो आणि तुमची मापं संग्रहालयाला द्या. प्रबंधात नमुन्यांचे क्रमांक संपूर्ण यादीने छापा, ‘मुंबईतील ४० नमुने’ असं लिहिलेल्या कामाची पडताळणी कुणालाच करता येत नाही.

कच्चे आकडेही उघड करा. १ फेब्रुवारी १८९८ च्या वादळात अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सला गारठून पडलेल्या १३६ चिमण्या हर्मन बंपस यांच्या प्रयोगशाळेत आल्या. ७२ जगल्या, ६४ मेल्या. जगलेल्या आणि मेलेल्या चिमण्यांच्या अंगात काय फरक होता हे त्यांनी तपासलं आणि प्रत्येक चिमणीची सगळी मापं छापून टाकली. त्यांचे स्वतःचे निष्कर्ष नंतर बरेच वादात सापडले, पण तो तक्ता घेऊन लोक आजही नव्या पद्धतीने नैसर्गिक निवडीची गणितं करतात. तुमच्या फाइलमध्येही दर ओळीला एक प्राणी असू द्या: संग्रहालय, क्रमांक, लिंग आणि ते कशावरून ठरवलं, वयोगट, लेबलावरचं ठिकाण जसंच्या तसं, तुम्ही दिलेले अक्षांश-रेखांश, चुकीची त्रिज्या, तारीख, प्रत्येक माप दोनदा, आणि कुणी मोजलं त्याचं नाव.